छताला भोक पाडण्याआधी

गुरुवार हा आमच्या कासारवाडीत गप्पांचा वार. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे निम्म्या घरांतले पुरुष घरी असतात आणि त्यांनी काढलेली कामं अख्ख्या गल्लीला ऐकू येतात. त्या गुरुवारी शेजारच्या घरात सकाळी सातपासून ड्रिल चालू होतं. दहा वाजता वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी घुटमळल्या, तेव्हाच मी गॅस बारीक करून बाहेर आले.

"ताई, आवाज फार झाला का हो?"

"छे हो. घर म्हटलं की कामं निघायचीच. काय काढलंय?"

"थोरला छताला भोक पाडतोय. प्रोजेक्टर टांगायचाय."

"सिनेमाला?"

"गोल्फला," वहिनी म्हणाल्या. इतक्या सहज, की खालच्या हॉलमध्ये गोल्फ खेळणं ही कासारवाडीतली वडिलोपार्जित रीतच असावी.

आता मला गोल्फमधलं जे काही कळतं ते सगळं वहिनींकडूनच आलेलं, आणि वहिनींना ते थोरल्याकडून. थोरला, म्हणजे वहिनींचा मोठा मुलगा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथले मोठे साहेब कोरियन. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून तर या पट्ट्यात कोरियन माणसांची ये-जा आणखीच वाढली आहे. या लोकांना गोल्फचा भारी नाद. पण त्यांच्या देशात डोंगर फार, सपाट जमीन थोडी, मैदानावरचा खेळ महाग. म्हणून त्यांनी गोल्फ खोलीत आणला. गोल्फझोन नावाची त्यांची कंपनी २००० साली निघाली आणि आता तिकडे गल्लोगल्ली पडद्यावरच्या गोल्फची दुकानं आहेत. आपल्याकडे ऑफिस सुटल्यावर चहाच्या टपरीवर जातात, तसे ते लोक तिथे जातात म्हणे.

"पण चेंडू खरा असतो का?" मी विचारलं.

"खरा! कापड जाड असतं, चेंडू त्यावर आपटतो आणि खाली पडतो. शेजारी एक यंत्र ठेवतात, ते चेंडूचा वेग, कोन, गिरकी सगळं मोजतं. मग कॉम्प्युटर हिशेब करून पडद्यावर दाखवतो, की हा चेंडू मैदानात असता तर कुठे गेला असता."

"लागेल बाई कोणाला तरी."

"शेहेचाळीस ग्रॅमसुद्धा नसतो हो. पण चांगला खेळणारा असला तर ताशी दोनशे चाळीस किलोमीटरने जातो म्हणे."

हा आकडा ऐकल्यावर माझं लक्ष चेंडूवरून उडालं आणि भिंतीवर आलं. "आणि कापड कुठल्या भिंतीला बांधणार?"

"तुमच्याकडच्या."

त्यांचा हॉल आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये फक्त तीन फुटांचं मार्जिन. म्हणजे रात्री अकरा वाजता दोनशे चाळीसच्या वेगाने धप्प, आणि मग पुन्हा धप्प. पण शेजारधर्मात असं तोंडावर बोलता येत नाही. मी म्हटलं, "अगंबाई, छानच की. आमच्या ह्यांना पाठवू का मदतीला? घरी बसून आहेत."

आमचे हे टूलरूममधून निवृत्त झालेले. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर त्यांना जेवण जात नाही. बोलावल्याशिवाय ते कोणाकडे जात नाहीत, पण मोजायचं काही आहे म्हटलं की त्यांना बोलावणं लागत नाही. वहिनींनी "भाऊजी, येता का?" म्हणायच्या आत फीत, ओळंबा आणि सुतळीचा गुंडा घेऊन ते फाटकातून आत गेलेसुद्धा. मी मागोमाग गेले. इतकं जवळून बघायला मिळत असताना भिंतीवरून मान कोण लांब करील?

हॉल वीस बाय बारा. स्लॅब साडेनऊ फुटांवर. मधोमध आडवा बीम, त्याचा तळ सव्वाआठ फुटांवर. बीमच्या दोन्ही बाजूंना पंख्याचे हूक. थोरल्याचा विचार सरळ होता. मागच्या बाजूच्या हुकाला पंख्याचं वायरिंग तयारच आहे, कंपनीने मोडीत काढलेला मीटिंग रूमचा प्रोजेक्टर फुकट मिळालाय, तेव्हा पंखा काढून तिथेच प्रोजेक्टर. मध्ये बीम आडवा येतो म्हणून दांडी लावून आठ फुटांपर्यंत खाली उतरवायचा. त्याच दांडीसाठी सकाळपासून भोकं चालली होती. चादर बांधून त्याने एक चाचणीही घेतली होती.

"मग दिसलं का?"

"दिसलं ना काकू. पण मैदानाच्या मधोमध मीच दिसलो." हिरवंगार गवत, लांबवर झेंडा, आणि त्या दोघांच्या मध्ये काळाकुट्ट राक्षस काठी उगारून उभा. नेम धरायचा त्याच जागी स्वतःची सावली.

ह्यांनी काही न बोलता सुतळीचं एक टोक दांडीच्या खालच्या टोकाला बांधलं आणि दुसरं चादरीच्या खालच्या कडेला ताणून धरलं. "उजेड सरळ जातो," हे म्हणाले, "आणि सुतळीही. आता तुझ्या जागी उभा राहा." थोरला पडद्यापासून दहा फुटांवर उभा राहिला. सुतळी त्याच्या कपाळाला टेकली. हात वर उचलले तर मनगटं पार सुतळीच्या वर. म्हणजे प्रोजेक्टर चौदा फुटांवरून चित्र टाकणार आणि हा दहा फुटांवर त्याच उजेडात उभा. सावली पडणार नाही तर काय होणार?

तेवढ्यात आतून आजोबा, म्हणजे वहिनींचे सासरे, काठी टेकत आले. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. "हे आम्हाला पुसेगावच्या यात्रेत माहीत होतं," ते म्हणाले. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतले सिनेमे यायचे, मशीन मागे ट्रकवर उंच असायचं, आणि तरीही कोणी फेटेवाला मध्येच उठला की हिरॉइनच्या तोंडावर फेटा. "मग अख्खा तंबू त्याच्या सात पिढ्या काढायचा. ए, बस खाली!"

"मग मागून टाकायचं चित्र," मी म्हटलं. गणपतीत गल्लीत आडवं कापड बांधून सिनेमा दाखवायचे तेव्हा आम्ही मुली कायम कापडाच्या मागच्या बाजूला बसायचो. पुढे गर्दी, मागे ऐसपैस जागा. चित्र तेच, फक्त उलटं. नावं वाचता यायची नाहीत आणि सगळे हिरो डावखुरे. किती तरी वर्षं माझी समजूत होती, की सिनेमात मारामारी डाव्या हातानेच करतात.

थोरला हसला. म्हणाला, "काकू, आता प्रोजेक्टरमध्येच चित्र उलटं करायची सोय असते. पण मागून टाकायचं तर पडद्यामागे सात-आठ फूट मोकळे हवेत, आणि तेवढी जागा मागे दिली तर मी खेळू कुठे? रस्त्यावर?" शिवाय चेंडू लागला की कापड मागे फुगतं. त्याच्या मागे फूटभर तरी मोकळं ठेवावंच लागतं, कापड घट्ट ताणूनही चालत नाही, नाहीतर चेंडू उसळून खेळणाऱ्याच्याच नडगीवर येतो.

मग ह्यांनी त्याच्याकडून हिशेब समजून घेतला. प्रत्येक प्रोजेक्टरच्या कागदावर एक आकडा असतो: चित्र एक फूट रुंद हवं असेल तर पडद्यापासून किती फूट लांब जायचं तो. मीटिंग रूमच्या प्रोजेक्टरचा आकडा दीडच्या आसपास. दहा फूट रुंद चित्राला पंधरा फूट लागणार, म्हणजे तो कायम खेळणाऱ्याच्या पाठीमागे. जवळून मोठं चित्र टाकणारे असतात त्यांचा आकडा पाऊणच्या आसपास, म्हणजे दहा फुटांच्या चित्राला सात-आठ फूट. ते खेळणाऱ्याच्या पुढे येतात, सावलीचा प्रश्नच मिटतो. अगदी पडद्याच्या नाकाशी बसणारेही मिळतात, दोन-अडीच फुटांत चित्र टाकतात. पण त्यांचा उजेड इतका तिरपा येतो, की कापडाची बारीकशी सुरकुतीही चित्रात लाटेसारखी दिसते, आणि हे कापड तर मार खायलाच बांधलेलं. दुकानदारांना विचाराल तर तोच सगळ्यात भारी म्हणून दाखवतील. माझं मत विचाराल तर या कामाला तो नकोच.

"म्हणजे आठ फुटांवाला घ्यायचा," वहिनींनी निकाल दिला. "भाऊजी, मारा भोक."

"थांबा," हे म्हणाले. "आधी लगीन कोंढाण्याचं. हा उभा कुठे राहणार ते ठरू दे."

इथे मला माझी संधी दिसली. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी आहे, रस्त्याच्या बाजूची. मी अगदी निरागसपणे म्हटलं, "संध्याकाळी त्या खिडकीतून ऊन थेट या भिंतीवर येत असेल, नाही? आमच्याकडे तर टीव्हीही दिसत नाही."

"मी रात्रीच खेळणार, काकू. चाकणहून यायलाच आठ वाजतात. नाशिक फाट्याला तर विचारूच नका."

"आणि महापालिकेचा दिवा?"

सगळे गप्प झाले. त्यांच्या खिडकीसमोर रस्त्यावर पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा आहे, रात्रभर जळतो. त्याचा झोत खिडकीतून सरळ समोरच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या भिंतीवर. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड न टाकता ती जागा सोडून देतो. तिथे दुसरा उजेड पडला की काळ्याचं राखाडी होतं आणि गवत आजारी दिसतं. हे मी नाही, हे म्हणाले. त्यांना माझा हेतू कळला होता की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. काही गोष्टी संसारात विचारायच्या नसतात.

"मग पडदा पश्चिमेला घ्या," मी म्हटलं. "खिडकीवर आतून प्लायवूड मारा, त्याच्यापुढे फूटभर सोडून कापड. दिव्याचाही प्रश्न नाही, उन्हाचाही नाही." आणि धप्पचाही नाही, पण ते मनात.

वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. चोराच्या मनात चांदणं, मला उगाच वाटलं की त्या ओळखून आहेत. पण आजोबांनी लगेच मान डोलावली आणि पडदा पश्चिमेला गेला.

पुढचं काम मात्र बघण्यासारखं झालं. गोल्फची सगळ्यात लांब काठी साधारण पंचेचाळीस इंच असते, तेवढी ह्यांनी बांबूची काठी कापली. टोकाला चिंधी बांधली आणि ती ओल्या गेरूत बुचकळली. "आता सावकाश खेळ," थोरल्याला म्हणाले. पडद्यापासून दहा फुटांवर चेंडू ठेवला होता, म्हणजे बीम डोक्याच्या जरासा पुढे. पहिल्याच फेऱ्यात बीमच्या तळाला लालभडक फराटा उमटला. खऱ्या काठीने, पूर्ण वेगात हे झालं असतं तर प्लास्टरही गेलं असतं आणि मनगटही.

थोरल्याला मागे सरकवलं. अकरा फुटांवर फराटा पुसट झाला, बारावर नाहीसा. मग ह्यांनी विचारलं, "तुमच्यात सगळ्यात उंच कोण?" जावई, सहा फुटांच्या वर. जावई हिंजवडीला, पण गुरुवारी त्यांना सुट्टी नसते, म्हणून संध्याकाळपर्यंत काम थांबलं. संध्याकाळी जावई आले, बारा फुटांवर उभे राहून त्यांनी काठी फिरवली आणि बीम कोरा राहिला. पाठीमागे अजून सात फूट मोकळे होते, तिथे काठी मागे न्यायला पुरते.

खेळणारा बारा फुटांवर आणि बीम नऊ फुटांवर ठरल्यावर प्रोजेक्टरची जागा शोधावी लागलीच नाही, ती समोरच होती. बीमच्या पडद्याकडच्या बाजूला, स्लॅबला चिकटून. स्लॅबपासून बीमच्या तळापर्यंत सव्वा फुटाचा कोनाडा तयारच आहे, त्यात प्रोजेक्टर बसला तर त्याचं पोट बीमच्या खाली येत नाही. काठी चुकून वर गेलीच तर आधी बीमला लागेल. भिंग पडद्यापासून बरोबर आठ फुटांवर. चेंडूही तिथवर पोहोचत नाही, कारण कितीही उंच उडवला तरी बारा फुटांवरून निघालेला चेंडू चार फुटांत छताला जात नाही. उसळून परत आला तरच भीती, त्यासाठी समोर जाळी.

"मधोमध लावायचा की जरा उजवीकडे?" थोरल्याने विचारलं. उजव्या हाताने खेळणारा पडद्याकडे बघताना चेंडूच्या डावीकडे उभा राहतो, म्हणून उजवीकडे सरकवलेला बरा, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

आजोबा म्हणाले, "आणि धाकटा?"

धाकटा नातू डावखुरा. तो चेंडूच्या उजवीकडे उभा राहणार. आणि बाजूला सरकवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र पत्र्याच्या डब्यासारखं एका बाजूला चेपतं. ते यंत्राने सरळ करता येतं, पण तसं करताना ते चित्राच्या कडा कापून टाकतं आणि बारकावा जातो. बीमच्या आडोशाला सावलीही नाही, काठीही नाही, मग सरकवायचा कशाला? मधोमध ठरला. डावखुरा म्हटल्यावर मला पुन्हा गणपतीतला सिनेमा आठवला. धाकट्याला सांगितलं तर त्याला कळेना, की सिनेमा कापडाच्या मागे बसून का बघायचा.

भोक पाडताना मात्र ह्यांनी ड्रिल स्वतःच्या हातात घेतलं. बीमच्या तळाला खालून भोक मारायचं नाही, मुख्य सळया तिथेच असतात. भोक स्लॅबमध्ये, पंख्याच्या पाइपपासून लांब, आणि लोखंडी अँकर फास्टनर ठोकूनच. साध्या प्लास्टिकच्या गुट्ट्या चालत नाहीत, कारण वर भाडेकरूंची दोन मुलं दिवसभर उड्या मारतात, आणि छत हललं की पडद्यावरचं मैदानही हलतं. प्रोजेक्टर दिवा जळणारा न घेता लेझरवाला घ्यायचं ठरलं. वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच भाजत राहतो, त्याचं आयुष्य घटतं. गुरुवारी वीज कधी जाईल याचा आमच्याकडे भरवसा नाही. केबल मात्र थोरल्याने स्वस्तातली, भलतीच लांब आणली आणि चित्र दर दोन मिनिटांनी जायला लागलं, ती बदलावी लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आजोबांना अजून हे पटलेलं नाही. "खेळायचा तर येरवड्याला जा, पूना क्लबच्या मैदानावर. पुण्याचा उदयन माने मैदानावर खेळूनच ऑलिंपिकला गेला ना?"

"गेला, पण ऐन वेळी," थोरला म्हणाला. २०२१ मध्ये टोकियोला अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली आणि याला जागा मिळाली.

"म्हणजे वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं," वहिनी म्हणाल्या. "आपला नंबर लागायला आधी काठी तर धरता यायला हवी." आणि त्या वळून मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीही या हो खेळायला. भाऊजींनी एवढं केलं. पडदा त्या बाजूला गेला हे फार बरं झालं, तुम्हाला झोपेचा त्रास नको."

म्हणजे ओळखलं होतंच. मी पदराने कपाळ पुसलं.

"आता एकच राहिलं," वहिनी पुढे म्हणाल्या. "खिडकी बंद झाली, त्यामुळे हॉलला एसी लावावा लागणार. त्याचं बाहेरचं मशीन रस्त्याच्या बाजूला बसत नाही, तिथे प्लायवूड. म्हटलं मार्जिनमध्ये, तुमच्या खिडकीच्या थोडं खाली बसवलं तर?"

"अहो," मी ह्यांना हाक मारली, "फीत आहे ना अजून हातात? जरा इकडे या."